सेन्सर होता, अलार्मही होता, तरी टाकी भरून वाहिली कशी?

डोंबिवली एमआयडीसीत 23 मे 2024 ला अमुदान केमिकल्समध्ये स्फोट झाला. तेलंगणातल्या पाशमैलारममध्ये 30 जून 2025 ला सिगाची इंडस्ट्रीजच्या कारखान्यातल्या स्फोटात 40 हून अधिक जणांचा जीव गेला. अशा घटनेनंतर पहिल्याच दिवशी एक शब्द हमखास कानावर येतो, 'तांत्रिक बिघाड'. आणि कमेंटमध्ये एक प्रश्नही हमखास असतो: आता सगळं ऑटोमॅटिक आहे ना, मग मशिन आपोआप बंद का होत नाही?

या दोन घटनांचा तपास हा वेगळा विषय. पण प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर बारकाईने तपास झालेल्या जुन्या अपघातांमध्ये सापडतं.

आधी हे चालतं कसं?

टाकी किंवा रिअॅक्टरवर तापमान, दाब आणि पातळी मोजणारे सेन्सर असतात. त्यांचं रीडिंग वायरमधून बारीक विद्युतप्रवाहाच्या रूपात कंट्रोल रूमकडे जातं. तिथला कंट्रोलर, म्हणजे बहुतेक ठिकाणी पीएलसी, ठरवून दिलेल्या मर्यादेशी ते ताडून पाहतो आणि व्हॉल्व्ह किंवा पंपाला हुकूम सोडतो.

यात एक हुशारी आहे. हा प्रवाह सहसा 4 ते 20 मिलिअँपिअर असतो. रिकाम्या टाकीला 4, भरलेल्या टाकीला 20. मग शून्यापासून सुरुवात का नाही? कारण वायर तुटली तर प्रवाह शून्यावर येतो आणि सिस्टीमला लगेच कळतं की टाकी रिकामी नाही, वायर तुटलीय. म्हणजे मेलेला सेन्सर ओळखता येतो. अडचण होते ती जिवंत राहून चुकीचं सांगणाऱ्या सेन्सरची.

14 वेळा अडकलेला गेज

इंग्लंडमधल्या बन्सफिल्डच्या इंधन डेपोत 10 डिसेंबर 2005 च्या संध्याकाळी टाकी क्रमांक 912 मध्ये पेट्रोल भरायला सुरुवात झाली. पहाटे तीनच्या सुमारास पातळी दाखवणारा गेज एका आकड्यावर अडकला. पेट्रोल येतच होतं, स्क्रीनवरचा आकडा मात्र जागचा हलत नव्हता. अलार्मही त्याच गेजच्या रीडिंगवर वाजणार होते, त्यामुळे तेही गप्प राहिले.

अशा वेळेसाठी टाकीच्या वरच्या भागात एक वेगळा, स्वतंत्र स्विच होता. पेट्रोल तिथवर पोहोचलं की त्याने पुरवठा तोडायचा. तोही चालला नाही, आणि कारण ऐकून कपाळावर हात मारावासा वाटतो. स्विचची चाचणी घेण्यासाठी त्याला एक दांडी होती आणि ती जागेवर राहावी म्हणून एक छोटं कुलूप लावायचं होतं. कुलूप फक्त छेडछाड रोखण्यासाठी आहे असा समज झाला आणि ते लावलंच गेलं नाही. दांडी खाली आली आणि स्विच निकामी झाला.

पहाटे साडेपाचनंतर टाकी भरून वाहू लागली. 6 वाजून 1 मिनिटाने स्फोट झाला. रविवारची पहाट असल्याने कुणी दगावलं नाही, तरी 43 जण जखमी झाले. तपासात निघालेली खरी गोष्ट पुढे आहे: ऑगस्टअखेरपासूनच्या साधारण साडेतीन महिन्यांत तो गेज 14 वेळा अडकला होता. दर वेळी तात्पुरता मोकळा करून काम पुढे नेलं गेलं. 2010 मध्ये पाच कंपन्यांना दंड झाला. त्यात स्विच बनवणारी आणि तो बसवणारी कंपनीही होती. याला 'बिघाड' म्हणायचं?

त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेतल्या टेक्सस सिटीच्या रिफायनरीत 15 जण गेले, 180 जखमी झाले. तिथे टॉवरमधली पातळी स्क्रीनवर 10 फुटांच्या खाली आणि उतरती दिसत होती. प्रत्यक्षात द्रव 150 फुटांच्या वर गेला होता. पातळी मोजणारं उपकरण द्रवाच्या घनतेवर अवलंबून होतं आणि त्याचं कॅलिब्रेशन जुन्या माहितीवर झालेलं होतं. पातळी जास्त झाल्याचा वेगळा अलार्मही वाजला नाही.

अलार्म बंदच करून टाकला तर?

भोपाळमध्ये नेमकं हेच झालं होतं. मिथाइल आयसोसायनेट थंड ठेवणारी यंत्रणा जून 1984 मध्ये बंद करण्यात आली. तापमानाचा अलार्म 11 अंशांवर लावलेला होता, पण शीतकरणच नसल्याने रसायन कायम त्याहून गरम असायचं. अलार्म सतत वाजला असता, म्हणून तो काढून ठेवला गेला. डिसेंबरच्या त्या रात्री टाकी तापू लागली तेव्हा इशारा देणारं काही उरलेलं नव्हतं.

कारखान्याच्या भाषेत याला 'बायपास' म्हणतात. खोट्या अलार्मने प्लँट वारंवार ट्रिप होतो, माल अडतो, वरून फोन येतात. सुटी नादुरुस्त सेन्सरला न मिळता सेफ्टी इंटरलॉकला मिळते. शिफ्टवरच्या ऑपरेटरला दोष देणं सोपं आहे, पण सेन्सर बदलायची मंजुरी त्याच्या हातात नसते.

धोक्याच्या ठिकाणी तीन सेन्सर लावून त्यातल्या दोघांचं मत ग्राह्य धरण्याची पद्धत आहे. रोजचं नियंत्रण आणि आणीबाणीत बंद करणारी यंत्रणा वेगळी ठेवावी, तिची ठरावीक काळाने चाचणी घ्यावी, हे आंतरराष्ट्रीय मानकांत लिहिलेलं आहे. आपल्याकडे भोपाळनंतर 1987 मध्ये कारखाने कायद्यात धोकादायक प्रक्रियांचं स्वतंत्र प्रकरण आलं. धोके आणि ते टाळण्याचे उपाय कामगारांना आणि आसपासच्या रहिवाशांनाही सांगणं त्यात मालकावर बंधनकारक केलं गेलं.

त्यामुळे पुढच्या वेळी 'तांत्रिक बिघाड' ऐकलं की विचारायचे प्रश्न साधे आहेत. कोणता सेन्सर? त्याची शेवटची चाचणी कधी झाली? आणि त्या दिवशी कोणता इंटरलॉक बायपासवर होता, त्यावर सही कुणाची होती?