नवे संगणक नकोत, आधी सर्व्हर नीट करा

सकाळी काउंटरपुढे रांग लागलेली आणि क्लार्क ताईंच्या स्क्रीनवर ‘वेलकम’चं चक्र फिरतंच आहे. लोक संगणकाला नावं ठेवतात. मी ऑफिसचं नेटवर्क सांभाळतो. दोष संगणकाचा क्वचितच असतो.

रोमिंग प्रोफाइल असलं की लॉगिनला तुमचा डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, सेटिंग्ज सर्व्हरवरून उतरतात आणि लॉगऑफला बदललेलं परत चढतं. ताईंची बदली दुसऱ्या टेबलावर झाली की डेस्कटॉपवरच्या शेकडो स्कॅन केलेल्या पीडीएफ त्या मशीनवर नव्याने ओढल्या जातात. मग चक्र फिरणारच!

यावर फोल्डर रिडायरेक्शनचा उपाय विंडोज २००० पासून आहे. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स सर्व्हरवरच राहतात, लॉगिनला ओढावे लागत नाहीत. ग्रुप पॉलिसीतून ते लावता येतं. मात्र सर्व्हर पडला तर सगळ्यांचंच काम अडतं, म्हणून भक्कम सर्व्हर आणि रोजचा बॅकअप हवाच. नेमका तोच प्रस्ताव साहेबांच्या टेबलावर पडून राहतो, आणि नव्या संगणकांची खरेदी मात्र झटपट मंजूर होते. हे चुकीचं आहे.

व्यवस्थापनाला कळकळीची विनंती: यंदाच्या बजेटमध्ये सर्व्हर आणि बॅकअपची तरतूद आधी करा.