कानांनी वाचणारे कारागीर

चिरूट मी कधी ओढला नाही आणि या वयात ओढण्याचा विचारही नाही. घरातून परवानगी मिळणार नाही, हे वेगळेच. तरीही क्यूबा बेटातल्या चिरुटांच्या कारखान्यांचा मला हेवा वाटतो. वर्गात मी कादंबरी वाचू लागलो की निम्मी मुले खिडकीबाहेर पाहतात. हवाना शहरात मात्र कारखान्यातले कामगार कादंबरी ऐकत आले, आणि तीसुद्धा पदरचे पैसे मोजून!

क्यूबाचा संसार साखर आणि तंबाखू या दोन पिकांवर उभा राहिला. फर्नांदो ओर्तिस या क्यूबन पंडिताने 1940 साली या दोघींची जुगलबंदी एका ग्रंथात रंगवली आहे. साखर म्हणजे अफाट मळे, अजस्र यंत्रे, गुलाम आणि परक्यांचे भांडवल; तंबाखू म्हणजे लहानसे वावर आणि कसबी हात. चिरूट वळण्याचे काम पाहिले की हे पटते. आत अख्खी पाने, त्यांवर बांधणीचे पान आणि सर्वांत वर तलम वेष्टणाचे पान. हत्यार एकच, अर्धचंद्राकृती पाते. त्याला 'चाबेता' म्हणतात. यंत्राची खडखड नाही. हात गुंतलेले, कान मात्र रिकामे. आपल्याकडे चातुर्मासात एकाने पोथी वाचावी आणि बायकांनी वाती वळत ऐकावी, तसलाच हा प्रकार.

डिसेंबर 1865 मध्ये हवानाच्या 'एल फिगारो' कारखान्यात हे वाचन सुरू झाले. वाचणारा कामगारांपैकीच एक. त्याची मजुरी बुडे, ती सोबती वर्गणी काढून भरून देत. त्याच वर्षी सातुर्निनो मार्तिनेस या चिरूट वळणाऱ्यानेच कामगारांसाठी 'ला आउरोरा' नावाचे पत्र काढले होते. ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्यांच्या कानी आता वर्तमानपत्र पडू लागले. हे कोणत्या सरकारला मानवेल? बेटावर अंमल स्पेनचा. 1866 च्या मे महिन्यात हुकूम निघाला, की कारखान्यात ग्रंथ व पत्रे वाचून कामगारांचे लक्ष विचलित करू नये. काम बिघडते ही सबब. भीती निराळीच होती.

पुढे स्वातंत्र्ययुद्धे झाली. कित्येक कारागीर समुद्र ओलांडून फ्लोरिडात गेले, आणि त्यांच्याबरोबर वाचकही गेला. 1891 साली कवी होसे मार्ती स्वातंत्र्याचा प्रचार करीत टँपा शहरी आला, तेव्हा त्याला हेच चिरूट वळणारे श्रोते लाभले. वर्षानुवर्षे ऐकून त्यांचे कान तयार झालेले होते. टँपातल्या मालकांनी 1931 साली वाचकाला हाकलून त्याच्या जागी रेडिओ आणला. रेडिओला वर्गणी लागत नाही आणि तो मालकाच्या हुकमाने बंदही होतो.

क्यूबात मात्र वाचक टिकला. 'माँतेक्रिस्तो' हा चिरूट 1935 सालचा. अलेक्झांडर द्यूमाची ती सूडकथा कारागिरांची इतकी लाडकी होती, की तिच्यावरूनच हे नाव पडले, असे सांगतात. आपल्याकडे कादंबरीवरून मुलीचे नाव ठेवतात. मालाचे नाव ठेवण्याइतकी कादंबरी कुठल्या कारखान्यात रुजली?

1960 साली कारखाने सरकारजमा झाले आणि वाचकाला सरकारी पगार सुरू झाला. 2012 साली क्यूबाने या वाचनाला राष्ट्राचा सांस्कृतिक वारसा ठरवले. सकाळी 'ग्रान्मा' हे पक्षाचे मुखपत्र वाचायचे, मग कादंबरी. कोणती, ते कामगार ठरवतात. वाचकाची नोकरी पक्की झाली, ही चांगलीच गोष्ट. पण माझे मन थोडे कचरते. वर्गणी देणारा कामगार वाचकाचा धनी होता. तो म्हणेल तेच वाचले जाई, म्हणून तर सरकार बिथरले. पगार देणाऱ्याच्या मुखपत्राचा मान आता पहिला, कादंबरीचा त्यानंतर.

तरी एक मत कारागिरांच्या हाती अजून शिल्लक आहे. वाचन रंगले की ते टाळ्या वाजवत नाहीत. चाबेता उचलून समोरच्या फळीवर ठोकतात, आणि सारा कारखाना खणाणतो. बाके आमच्या वर्गातही वाजतात, पण ती घंटा व्हायला पाच मिनिटे उरली म्हणून.