काळाची कसोटी आणि कस लावणारे हात

'काळाच्या कसोटीवर उतरलेली कलाकृती' हा शब्दप्रयोग मराठी समीक्षेत इतका रुळला आहे की तो मूळचा मराठीच वाटावा. प्रस्तावना, गौरवग्रंथ, पदव्युत्तर परीक्षेची प्रश्नपत्रिका, सर्वत्र तो निर्वेधपणे वावरतो. वस्तुतः 'टेस्ट ऑफ टाइम' या इंग्रजी पदबंधाची ती छाया आहे. शब्द उसना आहे, याबद्दल तक्रार नाही. त्याच्यासोबत एक गृहीतक बिनचौकशी आत आले, हा खरा आक्षेप आहे.

ते गृहीतक अठराव्या शतकातील ब्रिटनचे. ह्यूमने १७५७ च्या अभिरुचीविषयक निबंधात आणि जॉन्सनने १७६५ मध्ये शेक्सपिअरच्या नाटकांना लिहिलेल्या प्रस्तावनेत ते मांडले आहे. समकालीनांचा मत्सर आणि पक्षपात ओसरल्यावरही जी कृती वाचली जाते तिचे मूल्य सिद्ध होते, असा त्याचा आशय. विचार पोकळ नाही. मात्र जॉन्सनच्या काळापर्यंत शेक्सपिअर छापला जात होता, रंगभूमीवर येत होता. कृती वाचकांच्या हाती असणे ही या कसोटीची पूर्वअटच आहे.

मराठीत हे भाग्य किती ग्रंथांच्या वाट्याला आले? महानुभावांच्या पोथ्या सांकेतिक लिपीत होत्या. पंथाबाहेरच्या वाचकाला शतकानुशतके त्या वाचताच येत नव्हत्या. जोतीराव फुले यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक १८५५ मध्ये लिहिले. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाकारल्याचे त्यांनीच 'गुलामगिरी'त (१८७३) नोंदवले आहे. नाटक छापून प्रसिद्ध झाले ते १९७९ मध्ये. ताराबाई शिंदे यांची 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ ची, स. गं. मालशे यांनी ती १९७५ मध्ये, ९३ वर्षांनी, पुन्हा प्रकाशात आणली. मग १९७४ मध्ये हे पुस्तक काळाच्या कसोटीत नापास होते आणि पुढच्याच वर्षी उत्तीर्ण झाले, असे म्हणायचे काय?

कसोटी हा सराफाचा दगड. तो आपण होऊन सोने पारखत नाही; त्यावर रेघ ओढणारा हात असतो. कमिटी, प्रकाशक, अभ्यासमंडळ, पंथ, जात हे ते हात. 'काळ' हा कर्ता योजला की ते सगळे वाक्यातून अदृश्य होतात आणि न वाचले जाणे हाच निकाल ठरतो. मराठी बोलीतला काळ तर पारखी नव्हेच. तो ग्रासतो, ओढून नेतो. म्हातारी मेल्याने सोकावतो तोही तोच.

यावर असे म्हटले जाईल की ताराबाई अखेर वाचल्या गेल्याच, म्हणजे काळाने न्याय केला. न्याय केला तो एका संशोधकाने, त्याच्या हाती लागलेल्या प्रतीच्या आधारे. जी प्रत कोणालाच सापडली नाही तिच्याविषयी काळ मौन पाळतो. समीक्षक मात्र ती कसोटीवर उतरली नाही असे बेधडक समजून चालतो.

पुढच्या प्रश्नपत्रिकेत 'काळाच्या कसोटीवर' याऐवजी 'अभ्यासमंडळाच्या कसोटीवर' असे छापून पाहावे. निदान प्रश्न काय आहे ते विद्यार्थ्याला कळेल.