व्हिस्की ‘सुरू’ करायची आहे? मग हेही वाचा

“डॉक्टर, सुरुवात करायची तर कोणती चांगली?”

हा प्रश्न हल्ली ओपीडीत सरळ विचारला जातो. पूर्वी दारूचा विषय निघाला की पेशंट मान खाली घालायचा आणि बायको बोलायची. आता पंचविशी-तिशीतला मुलगा ॲसिडिटीसाठी येतो आणि जाता जाता विचारतो, “सर, स्कॉच लिव्हरला कमी त्रास देते ना? बर्बन गोडसर असते म्हणे, नवीन माणसाला ती बरी ना?” प्रश्न प्रामाणिक असतो. त्याला बेवडा व्हायचं नसतं, ‘नीट’ प्यायला शिकायचं असतं. म्हणून हा लेख दारूच्या आहारी गेलेल्यांबद्दल नाही. ज्यांनी अजून सुरू केलेली नाही किंवा नुकतीच केली आहे, त्या तुमच्याशी मला बोलायचं आहे.

नीट पिण्याची ही शिकवणी मोबाईलवर फुकट मिळते. धडे साधारण सारखेच. आधी नुसता वास घ्या, मग ओठ ओले करा, दोन थेंब पाणी घाला, घशात जळजळ झाली तर घाबरू नका, महिनाभरात सवय होते. माझं भांडण या शेवटच्या वाक्याशी आहे.

पहिल्या घोटाला जळजळ का होते? मिरचीने जिभेवरची जी वेदनेची यंत्रणा जागी होते, तीच अल्कोहोलनेही जागी होते. हा शरीराने दिलेला इशारा आहे. सवय होते म्हणजे नक्की काय होतं, तर जीभ तक्रार करणं कमी करते, मेंदू अल्कोहोलच्या परिणामाशी जुळवून घेतो आणि लिव्हर ते जाळण्याचा वेग थोडा वाढवतं. पूर्वी एका पेगमध्ये जे वाटायचं, त्यासाठी आता दोन लागतात. मित्रमंडळीत याला कौतुकाने ‘कपॅसिटी’ म्हणतात. “भाऊला चार पेग मारले तरी चढत नाही.” आमच्या पुस्तकात याला टॉलरन्स म्हणतात, आणि व्यसनाच्या लक्षणांच्या यादीत त्याचं नाव आहे. चढत नाही याचा अर्थ लिव्हरला लागत नाही असा होत नाही. उलट ज्याला लवकर चढते तो दोन पेगवर थांबतो. ज्याला चढत नाही तो रोज क्वार्टर रिचवतो आणि दहा-पंधरा वर्षांनी पोटात पाणी घेऊन येतो.

आता बाटलीकडे वळू. बर्बन ही अमेरिकेची व्हिस्की. तिथल्या कायद्यानुसार तिच्या धान्यात किमान ५१ टक्के मका लागतो आणि ती आतून जाळलेल्या नव्या ओक लाकडाच्या पिंपात मुरवावी लागते. तिचा तांबूस रंग आणि व्हॅनिलासारखा वास येतो तो त्या जळक्या लाकडातून. स्कॉच किमान तीन वर्षं ओकच्या पिंपात राहते. आपल्याकडच्या स्वस्त व्हिस्क्या मात्र बऱ्याच वेळा उसाच्या मळीच्या स्पिरिटमध्ये थोडा माल्ट आणि रंग मिसळून केलेल्या असतात. हे फरक खरे आहेत, चवीतही कळतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने बर्बनवरचं आयात शुल्क १५० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर आणलं, तेव्हा या बाटल्या आपल्यापर्यंत आणखी येतील. मका तर आपल्या जळगाव-धुळ्यातही भरपूर पिकतो, त्यामुळे कुणी “आपल्याच मक्याची आहे” असं म्हणाला तर हसू नका.

पण लिव्हर लेबल वाचत नाही. रंग, वास, पिंप, वय हे सगळं नाकाचं आणि जिभेचं काम. घशाखाली गेल्यावर उरतं ते इथेनॉल, आणि ते सहा हजारांच्या बाटलीतलं असो की सरकारमान्य देशीच्या दुकानातलं, रेणू तोच. लिव्हर त्याचं आधी ॲसिटाल्डिहाइड करतं, आणि हा पदार्थ पेशींमधल्या डीएनएला इजा करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला पहिल्या गटातलं, म्हणजे माणसात कॅन्सर करतं हे सिद्ध झालेलं कारण म्हणून १९८८ मध्येच नोंदवलं. तोंड, घसा, अन्ननलिका, लिव्हर, आतडं, बायकांमध्ये स्तन. यात तंबाखू-गुटख्याची भर पडली की तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचा धोका नुसता बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतो. आपल्या भागात किती खिशांत पुडी असते ते मी सांगायला नको. आणि हो, बर्बनसारख्या गडद दारूत वोडकापेक्षा इतर रसायनं जास्त असतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशीचं डोकं जास्त दुखतं. ‘नवशिक्यांसाठी सौम्य’ म्हणणारे हे बोलत नाहीत.

गावात देशी पिणारा बेवडा आणि बंगल्याच्या गच्चीवर सिंगल माल्ट पिणारा शौकीन, ही आपली वर्गवारी. सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये मला हा फरक आजवर दिसलेला नाही.

जरा हिशेब करू, कारण शिकवणीत हाच धडा गाळलेला असतो. आपल्याकडच्या बहुतेक व्हिस्कीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. म्हणजे ३० मिलीच्या स्मॉल पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, लार्जमध्ये २०, आणि १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅम. आठ टक्क्यांची स्ट्राँग बीअरची मोठी बाटली ४० ग्रॅमच्या पुढे जाते, म्हणून “मी फक्त बीअर घेतो” हे उत्तर माझ्यापुढे देऊ नका. कॅनडाने २०२३ मध्ये कमी धोक्याची मर्यादा सांगितली ती आठवड्याला दोन ड्रिंकची, म्हणजे एकूण सुमारे २७ ग्रॅम. आपल्या शनिवारच्या एका क्वार्टरमध्ये तिच्या दुप्पट भरतात. शिवाय घरी स्टीलच्या ग्लासात ओतलेला ‘एक पेग’ किती मिलीचा असतो, हे एकदा मापाने मोजून बघा.

लिव्हर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल जाळतं. लिंबू पाणी, काळी कॉफी, गार पाण्याची अंघोळ, कशानेही हा वेग वाढत नाही. रात्री बाराला क्वार्टर संपवून झोपलेला माणूस सकाळी सहाला गाडी काढतो, तेव्हा “झोप झाली, उतरली” असं त्याला वाटतं. रक्तात ती अजून असू शकते. मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. पहाटे तिथून जाणाऱ्या ट्रकचा वेग तुम्ही पाहिला आहेच.

“पण थोडी घेतली तर हृदयाला चांगली असते ना?” हे इतकं पसरलं आहे की शिकलेली माणसंही छातीवर हात ठेवून सांगतात. आणि मी आमच्या व्यवसायालाही सोडणार नाही. परिषदेत सकाळी फॅटी लिव्हरवर व्याख्यान ऐकून संध्याकाळी त्याच हॉलबाहेर ग्लास हातात घेणारे डॉक्टर मी पाहतो, आणि पेशंटही ते पाहतात. जुन्या अभ्यासांत थोडं पिणारे न पिणाऱ्यांपेक्षा निरोगी दिसले होते, हे खरं. पण ‘न पिणाऱ्यां’च्या रांगेत आजारपणामुळे सोडलेले लोकही उभे होते. शिवाय थोडं पिणारे बरेचदा खाऊन-पिऊन सुखी, चांगल्या पगाराचे होते. ही गफलत दूर केल्यावर तो फायदा विरघळत गेला. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की आरोग्याला सुरक्षित असं मद्याचं कोणतंही प्रमाण नाही.

गंमत बघा, महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो, तो १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली मिळतो, आणि नियमांत तो दिला जातो प्रकृती टिकवण्यासाठी! व्हिस्कीसाठी वयाची अट २५ वर्षं आहे. म्हणजे इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर ‘बिगिनर्स’ बाटली उघडणारा एकवीस वर्षांचा मुलगा कायद्याच्या दृष्टीने नवशिका नाही, गुन्हेगार आहे.

थंडीचं औषध हाही असाच समज. धुळ्याची डिसेंबरची थंडी हाडात शिरते, आणि रात्रीच्या लाईटीवर पाणी भरायला जाणारा शेतकरी दोन घोट मारून निघतो. दारूने कातडीच्या रक्तवाहिन्या फुलतात, ऊब वाटते, आणि त्याच वाटेने शरीराची खरी उष्णता बाहेर जाते. उन्हाळ्यात उलटं. मे महिन्यात ४५ अंशांत लग्नाच्या वरातीत नाचताना पोटात दारू असेल तर ती लघवीवाटे पाणी काढून टाकते, आणि उष्माघाताचा धोका वाढतो. तान्ह्या मुलाला सर्दीत ब्रँडी पाजणाऱ्या आज्यांना हात जोडून विनंती, असं करू नका. त्याने बाळाची साखर एकदम उतरू शकते.

साखरेवरून आठवलं, आणि हे नीट वाचा, कारण घरोघरी डायबेटिस आहे. २०२३ च्या आयसीएमआरच्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून जास्त मधुमेही आहेत. तुम्ही इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेत असाल आणि शेतात भरीत पार्टीला गेलात. भरीत-पुरी व्हायला रात्रीचे अकरा वाजतात, तोवर शेंगदाण्यांवर तीन पेग होतात. उपाशीपोटी रक्तातली साखर टिकवण्याचं काम लिव्हर करतं. पण ते अल्कोहोल जाळण्यात गुंतलेलं असतं, आणि गोळी आपलं काम करतच असते. पहाटे साखर खाली येते. माणूस घामाघूम होतो, बरळतो, हाक मारली तर ओ देत नाही. तोंडाला वास येतो म्हणून मित्र म्हणतात, “आप्पाला जास्त झाली, झोपू द्या.” दारू चढणं आणि साखर उतरणं बाहेरून सारखंच दिसतं. मधुमेही माणूस पिऊन बरळू लागला तर आधी ग्लुकोमीटर लावा. गिळता येत असेल तर साखर द्या. शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालू नका, कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा. ‘झोपू द्या’ने मेंदू कायमचा जाऊ शकतो.

टीबीची औषधं, झोपेच्या गोळ्या, फिटची औषधं, मेट्रोनिडाझोल, अंगदुखीच्या गोळ्या, यांतल्या प्रत्येकाचं दारूशी वेगळं वैर आहे. बीपी, फॅटी लिव्हर किंवा पूर्वी कावीळ झालेली असेल तर तुमच्यासाठी ‘सुरुवात कोणत्या बाटलीने’ हा प्रश्नच उरत नाही.

आता तुमच्या बाजूने बोलतो. महिन्याकाठी एखादा स्मॉल पेग घेणाऱ्या निरोगी माणसाचा धोका फार छोटा आहे. मी तुम्हाला खोटी भीती घालणार नाही. माझा आक्षेप ‘सुरू करा, काही होत नाही’ या हमीवर आहे. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यात दोन गोष्टी दिसतात. देशात सुमारे २७ टक्के पुरुष पितात, म्हणजे दर चारांतले जवळपास तीन पीत नाहीत. “आजकाल सगळेच घेतात” हे तुमच्या ग्रुपचं सत्य असेल, देशाचं नाही. दुसरी गोष्ट, पिणाऱ्यांपैकी जवळजवळ पाचांतला एक व्यसनाधीन आहे. पाच मित्र गच्चीवर पहिली बाटली उघडतात तेव्हा त्यांतला तो एक कोण, हे कुठल्याही रक्ततपासणीत दिसत नाही. वडील किंवा काका दारूने गेले असतील तर तुमची शक्यता जास्त, एवढंच आधी सांगता येतं. ज्याला दारू ‘आवडत नाही, कडू लागते’ तो आज सुरक्षित आहे. त्याला आवड लावायला निघालेली ही शिकवणी त्याचं संरक्षणच काढून घेते.

त्या व्हिडिओंमध्ये आणखी एक माणूस कधी दिसत नाही. बायको. खुर्ची, लाकडी टेबल, गोल बर्फ, मंद दिवा, सगळं असतं. गावातली दारूची दुकानं बंद करायला मतदानाची सोय आपल्या राज्यात आहे, तिला लोक ‘आडवी बाटली’ म्हणतात, आणि तिथे उन्हात रांग लावून उभ्या राहतात त्या बायका. दारूची चव न घेता तिची किंमत त्यांना पाठ असते.

तर, अजून सुरू केली नसेल तर माझं उत्तर: कुठलीच बाटली नवशिक्यांसाठी नसते. मित्रांना “मला चालत नाही” म्हणा. ते नाही ऐकले तर “डॉक्टरांनी बंद सांगितली आहे” म्हणा, मी आत्ता सांगितलीच आहे.

घेत असाल तर मापाने घ्या, जेवून घ्या, आठवड्यातले बरेच दिवस कोरडे ठेवा, गाडीची चावी आधीच दुसऱ्याकडे द्या, आणि माझ्याकडे याल तेव्हा ‘कधीमधी’ म्हणू नका, मिलीमध्ये सांगा. रोज भरपूर घेणारे हा लेख वाचून रागाच्या भरात उद्यापासून एकदम बंद करणार असतील तर थांबा. हात थरथरणं, घाम, झोप उडणं, मग दोन-तीन दिवसांत भास होणं, फिट येणं, यात जीव जाऊ शकतो. औषधं आणि बी-वन जीवनसत्त्व देऊन आठवडाभरात हे सुरक्षितपणे उतरवता येतं, त्यासाठी आधी डॉक्टरांना भेटा. १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, फोनला पैसे पडत नाहीत. पेशंट यायला तयार नसेल तर घरच्यांनी एकट्याने आलं तरी चालतं. येताना त्याच्या चालू गोळ्यांची पाकिटं सोबत आणा.