प्रेशर कमी म्हणजे पंप गेला, असे कोणी ठरवले?

नंदुरबारच्या मागच्या बैठकीत मंडळी जमली होती कापसाच्या भावावर बोलायला. चहाच्या वेळी मात्र निम्म्यांनी आपापल्या पिकअपचे रडगाणे गायले. गावे वेगळी, तक्रार एकच. गाडी सपाटीला चांगली चालते, चढावर एकदम मरगळते, मीटरमधला पिवळा दिवा लागतो. दहा मिनिटे बंद ठेवली की काही झालेच नव्हते अशी चालू होते. गॅरेजच्या दारात नेली तर पाहुण्यांसमोर पोर वागते तशी शहाण्यासारखी वागते. मशीन लावले की कोड निघतो पी-००८७, म्हणजे रेलमधले डिझेलचे प्रेशर कमी. तेवढ्यावर निकाल लागतो: पंप गेला, इंजेक्टरही बघावे लागतील.

आमचे म्हणणे असे की हे निदानच नव्हे. थर्मामीटरने ताप आहे एवढे सांगितले. कशाचा आहे हे सांगितले नाही. आणि या अर्धवट निदानापायी कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरातून जो पैसा जातो तो थोडाथोडका नाही. आम्हाला स्वतःला मिळालेल्या एस्टिमेटात दोन एकर कापसाचा सगळा पैसा गेला असता.

जुन्या गाड्यांचा मामला सोपा होता. आपले जुने फिटर आजही 'मायको पंप' म्हणतात, ती मायको कंपनी २००८ सालीच 'बॉश' झाली. त्या पंपात डिझेल दोनएकशे बारला नोझलमधून सुटायचे. आताच्या कॉमन रेल इंजिनात रिकाम्या रेसला ३०० बारच्या आसपास आणि पूर्ण भाराला १४०० ते १६०० बार, काही गाड्यांत त्याहूनही जास्त प्रेशर लागते. ट्रकच्या टायरात हवा असते ७-८ बार, यावरून अंदाज घ्यावा. गाडीतला संगणक मागितलेले प्रेशर आणि मिळालेले प्रेशर सतत ताडून पाहतो. मिळालेले कमी पडले की ताकद कापतो किंवा इंजिन बंद करतो. पण कमी का पडले, हे त्याला कळत नाही. पंप झिजला असेल, इंजेक्टर परतीच्या नळीत जास्त डिझेल सोडत असतील, सेन्सर खोटे बोलत असेल, किंवा मुळात पंपापर्यंत डिझेलच पुरेसे पोहोचत नसेल. या शेवटच्या शक्यतेकडे सर्वांत आधी पाहायला हवे, कारण ती तपासायला सर्वांत स्वस्त आहे. होते उलटेच.

आणि ही शक्यता आपल्याला शिकवायला इंजिनियर लागत नाही. तापीवर किंवा विहिरीवर ज्याने ऑइल इंजिन चालवले आहे त्याला हे ठाऊक आहे. डिलिव्हरीचा पाइप फुटला तर पाण्याची चिळकांडी उडते, आंधळ्यालाही कळते. सक्शनचा जोड सैल असला तर बाहेर थेंबही येत नाही. तो आत हवा ओढतो आणि पंप पाणी सोडतो. फूटव्हॉल्व्हला पालापाचोळा चिकटला तर पंप चालू असताना तो घट्ट बसतो, बंद केल्यावर सुटून खाली पडतो, आणि पुन्हा चालू केले की थोडा वेळ सगळे ठीक. बऱ्याच पिकअपमध्ये टाकीपासून पंपापर्यंतची डिझेलची नळी म्हणजे हुबेहूब हेच सक्शन आहे. ज्या गाडीच्या टाकीतच इलेक्ट्रिक पंप असतो तिथे नळीत ओढ नसून दाब असतो, म्हणून तिथे फट पडली तर डिझेल ठिबकते.

आता आमची फजिती सांगतो. गेल्या हंगामात आमची पिकअप शहाद्याकडून कापूस घेऊन येताना प्रकाशाचा पूल ओलांडल्यावरच्या चढाला बसली. रात्र तिथेच काढली. ताडपत्री अपुरी, वरून दव. खरेदी केंद्रावर ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात आणि १२ च्या वर माल घेतच नाहीत. आमचा माल कापून गेला. गॅरेजात फिल्टर बदलला, गाडी सुधारली. पंधरा दिवसांनी चांदसैली घाटात धडगावच्या वाटेवर पुन्हा तेच. पुन्हा फिल्टर, पुन्हा सुधारली. तिसऱ्या वेळी पंपाचे एस्टिमेट हातात आले.

धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात प्रयोगाच्या वाफ्यांवर आम्ही शिकलो की एका वेळी दोन गोष्टी बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही. कापसावर लाल्या आला, दुकानदाराने बाटली दिली, फवारणी झाली, त्याच आठवड्यात पाऊस पडला आणि पान सुधारले. श्रेय बाटलीला. लाल्या मॅग्नेशियम कमी पडल्याने येतो, नत्र कमी पडल्याने येतो, तुडतुड्यांनी येतो, पाण्याचा ताण आणि रात्रीची थंडी यांनीही येतो. हे आम्ही सभांमधून वीस वर्षे सांगत आलो, आणि स्वतःच्या गाडीच्या बाबतीत साफ विसरलो!

मग ड्रायव्हरला वही दिली. गाडी कधी बसली, चढ की सपाट, माल किती, टाकीचा काटा कुठे, सकाळी किती वेळा सेल्फ मारावा लागला, एवढेच लिहायचे. तीन आठवड्यांत चित्र उघडे पडले. गाडी एकदाही भरल्या टाकीवर बसली नव्हती. दर वेळी काटा निम्म्याच्या खाली आणि रस्ता चढाचा. सकाळी चालू व्हायला वेळ लागायचा तोही निम्म्या टाकीवरच. आणि फिल्टर बदलल्यावर दोन्ही वेळा आम्ही काय केले होते? गॅरेजातून निघताना टाकी फुल केली होती.

फिल्टरच्या आधी हातभर पारदर्शक नळी जोडली. निम्म्या टाकीवर बुडबुड्यांची रांग दिसली, भरल्या टाकीवर एकही नाही. चासीवरून जाणारी रबरी नळी टाकीच्या वरच्या कडेजवळ उंदराने कुरतडली होती. गाडी कापसाच्या गंजीला लागून उभी राहते, तिथे दुसरे कोण येणार? टाकी भरलेली असली की डिझेलची पातळी छिद्राच्या वर राही, हवा आत शिरत नसे; फक्त थोडे पाझरून त्या जागी ओलसर धूळ चिकटे. ती धूळ आम्ही दहा वेळा पाहिली असेल. नळी आणि दोन क्लिपा बदलल्या. एका सभेचा चहाही त्याहून महाग पडतो.

प्रत्येक गाडीत उंदीरच निघेल असे नाही. म्हणून सक्शनवर ओढ मोजणारा गेज लावावा. ओढ जास्त दाखवली तर वाट चोक आहे: फिल्टर, टाकीतली जाळी, दबलेली नळी. गाडी बसल्यावर टाकीचे झाकण उघडताना सुस्कारा आला आणि लगेच चालू झाली, तर टाकीचे हवेचे छिद्र बुजले आहे. ओढ साधारण पण बुडबुडे आहेत, तर हवा शिरते. दोन्ही ठीक असतील तर मग परतीचे डिझेल चारही इंजेक्टरचे वेगवेगळ्या बाटल्यांत मोजावे, आणि त्यानंतरच पंपाचे नाव काढावे. आकडे गाडीगणिक वेगळे असतात, ते कंपनीच्या पुस्तकातले धरावेत.

एक गोष्ट मात्र कळकळीने. ऑइल इंजिनची हवा काढताना आपण नोझलचा नट सैल करत आलो. कॉमन रेलवर इंजिन चालू असताना असे कदापि करू नका, गळती बोटाने चाचपू नका. हजार बारची धार कातडी भेदून डिझेल आत घालते. वर टाचणीएवढी खूण दिसते आणि आत हात सडतो. असे झाले तर दुखो न दुखो, तासाभरात शस्त्रक्रियेची सोय असलेला दवाखाना गाठा.

हवा धरलेली गाडी 'चालते ना अजून' म्हणून रेटणेही महागात पडते. या पंपाला वंगण डिझेलचेच. हवा, पाणी किंवा रॉकेल मिसळलेला माल गेला की तो खरोखर झिजतो, त्याची कीस इंजेक्टरात जाते, आणि मग ते मोठे एस्टिमेट खरे ठरते.

गॅरेजवाल्यांना झोडपायचे म्हणून आम्ही हे लिहीत नाही. उद्या माल न्यायचा आहे, काहीही करा पण गाडी द्या, असे आपणच म्हणतो. तपासणीचे दोनशे रुपये मागितले तर कुरकुरतो आणि पार्टचे हजारो मुकाट मोजतो. सरकारकडे उत्पादन खर्चाचा हिशेब मागणाऱ्यांनी पंप बदलण्याआधी गॅरेजवाल्याकडे तीन आकडे मागावेत: सक्शनची ओढ किती, मागितलेले व मिळालेले रेल प्रेशर किती, परतीचे डिझेल किती. तपासणीचे पैसे वेगळे द्यावेत, आनंदाने द्यावेत. काढलेला पार्ट घरी आणावा.

ओढ मोजायचा एक गेज, पारदर्शक नळी आणि चार बाटल्या जिल्हा कार्यालयात आणून ठेवल्या आहेत. पुढच्या बैठकीला ज्यांची गाडी त्रास देते त्यांनी ती निम्म्या टाकीवर आणावी, वाटेत डिझेल भरू नये, आणि पंधरा दिवसांची वही सोबत असावी. नवापूरच्या एका भावाची गाडी भरल्या टाकीवरही बसते. तिची टाकी उतरवून पाहायची आहे, तेव्हा दोघे-तिघे लवकर या.