लेकराच्या ताटातलं तिखट

मैत्रिणींनो, पालखीचा मुक्काम हलला, त्याच आठवड्यातली गोष्ट. आमच्या नातेपुत्यातलीच एक सूनबाई घरी आली. मुलगा साडेचार वर्षांचा. म्हणाली, "काकू, दूधभात नाहीतर दूधभाकरी, तिसरं काही खात नाही. आमटीचा थेंब लागला की ताट सरकवतो. सासूबाई म्हणतात, तूच लाडावलंस. परवा तर दीर हसत हसत त्याच्या तोंडात ठेचा घालायला निघाले!" डोळे भरून आले होते तिचे.

आता आपल्या सोलापूरकडचं जेवण कसं, ते तुम्हांला सांगायला नको. काळ्या मसाल्याची आमटी, वर लालभडक तवंग, शेजारी शेंगदाण्याची चटणी. त्या पंगतीत एवढ्याशा जिवानं बसायचं कसं?

आधी त्या दिरांसाठी दोन शब्द. तिखट ही मुळी चवच नव्हे. मिरचीतलं कॅप्सेसिन नावाचं द्रव्य उष्णता नि वेदना ओळखणाऱ्या मज्जातंतूंना डिवचतं. ते नेमकं कसं घडतं हे शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ सालच्या नोबेलचा मान मिळाला. तेव्हा "भाजलं" म्हणून पोर रडतं ते नाटक नसतं, त्याला खरंच भाजल्यासारखं होतं. पैज नको, जबरदस्ती नको. आणि अंगठा चोखतो म्हणून त्याला मिरची लावणं तर मुळीच नको. तेच बोट डोळ्यांत जातं.

मग सवय लागते कशी? पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञांनी मेक्सिकोतल्या एका खेड्यातल्या मिरची खाणाऱ्या घरांचा अभ्यास १९८० साली प्रसिद्ध केला. तिथं मुलांना कुणी शिकवत नाही की बळजबरी करीत नाही. मोठी माणसं आवडीनं खाताना मुलं बघतात, थोडं थोडं चाखतात, आणि एक दिवस स्वतःच मागतात. आपल्या आज्या तरी दुसरं काय करीत होत्या?

सूनबाईला मी सांगितलं, पहिले पंधरा दिवस मिरचीचं नावच काढू नकोस. आधी वास नि चव ओळखीची होऊ दे. हिंग, जिरं, लसूण, धणे यांची फोडणी दे, मसाला पडायच्या आधी त्याच्यापुरतं वरण वाटीत काढ. त्यानंतर फोडणीत एक अख्खी सुकी मिरची टाकायची नि वाढताना काढून घ्यायची. मोडायची नाही हं! तिखटपणाचं घर आतल्या पांढऱ्या शिरांत असतं. पुढं वरणात घरच्या आमटीचा एक चमचा, आठ-दहा दिवसांनी दोन. तवंग बाजूला सारून खालची आमटी घ्यावी, कारण तिखट तेलात उतरतं. घरच्या तिखटात लवंगीऐवजी ब्याडगी वाढवली तर रंग तोच राहतो नि झणका उतरतो. मोठ्यांच्या लक्षातही येत नाही. (सासूबाईंना सांगायलाच हवं असं नाही.)

शेंगदाण्याची चटणी दह्यात कालवून भाकरीच्या तुकड्याला लावून द्यावी. शेंगदाणे मात्र बारीक कुटलेले हवेत. अख्खा दाणा लहान मुलाच्या घशात अडकतो.

तोंड पोळलंच तर आपण पाण्याचा तांब्या पुढं करतो. पण कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. घोटभर दूध द्यावं, नाहीतर दही. मिरची चिरलेल्या हातांना आधी तेल चोळून मग साबण लावावा, नि तोवर लेकराला उचलू नये. तोंड आलेलं असेल, जुलाब होत असतील, तर तिखट पूर्ण बंद. पोट वरचेवर दुखत असेल तर तो सवयीचा प्रश्न नव्हे, डॉक्टरांना दाखवा. वर्षाच्या आतल्या बाळाला तर तिखटाच्या वाटेला नेऊच नका.

दिवाळीच्या सुमारास सूनबाई पुन्हा आली. दही-चटणी तो आता मागून खातो म्हणे. आमटी अजून निम्मी वरण घालूनच लागते. ठेच्याचं काय, विचारलं, तर हसली. म्हणाली, "परवा आजीच्या भाकरीवरचा बोटभर चाटला, नाचला थोडा, नि दूध पिऊन पुन्हा तिच्याच ताटाशी जाऊन बसला."