विश्लेषण : खोट्या पापण्यांच्या धंद्यात खरी कमाई कोणाची?

दुबईस्थित मेकअप आर्टिस्ट हुडा कट्टन यांनी जून २०२५ मध्ये आपल्याच कंपनीतील गुंतवणूकदाराचा हिस्सा परत विकत घेत असल्याचे जाहीर केले. ‘हुडा ब्यूटी’ हे नाव आज फाउंडेशन आणि लिपस्टिकसाठी ओळखले जाते. मात्र २०१३ मध्ये सुरुवात झाली ती केवळ खोट्या पापण्यांवर आणि बहिणीकडून घेतलेल्या ६ हजार डॉलरवर. त्या वेळी त्यांची मुलगी शाळेतही जात नव्हती. आपल्याकडेही ब्रायडल मेकअप करणाऱ्या अनेक जणी ‘आपल्या नावाच्या पापण्या’ काढण्याचा विचार करतात. हा धंदा सुरू करणे खरेच सोपे आहे. अवघड आहे ते पुढचे. माल कुठून येतो, नाव कोणाचे आणि नफा कोणाच्या हातात राहतो?

कोण आहेत हुडा कट्टन?

इराकी स्थलांतरितांच्या पोटी अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटीत १९८३ मध्ये जन्म. शिक्षण फायनान्सचे, मिशिगन विद्यापीठाच्या डिअरबॉर्न शाखेतून. दुबईला आल्यावर नोकरी मिळाली ती मनुष्यबळ भरतीच्या क्षेत्रात. मंदीच्या काळात ती गेली आणि मग त्यांनी लॉस एंजेलिसमध्ये मेकअपचे प्रशिक्षण घेतले. २०१० मध्ये मेकअपच्या क्लृप्त्या सांगणारा ब्लॉग सुरू केला. ग्राहकांसाठी बाजारातील पापण्या त्यांना पसंत पडत नसत. दोन-तीन जोड एकावर एक लावून, कातरून त्या आपल्याला हवा तसा आकार करून घेत. ‘मग स्वतःच्याच का काढत नाहीस?’ हा आग्रह बहीण मोना यांचा, पैसे दुसरी बहीण आलिया यांचे. दुबई मॉलमधील सेफोराच्या दुकानात या पापण्या लागल्या आणि गाजल्या. त्या वेळच्या दराने ६ हजार डॉलर म्हणजे साधारण साडेतीन लाख रुपये. आपल्याकडच्या मुद्रा योजनेतील ‘किशोर’ गटाच्या, म्हणजे ५० हजार ते ५ लाखांच्या कर्जात बसणारी ही रक्कम आहे.

सुरुवात पापण्यांपासूनच का?

फाउंडेशन काढायचे तर तीस-चाळीस छटा लागतात. प्रयोगशाळा लागते, रंग-रसायनांचे गणित लागते, न खपलेल्या छटांचा साठा गळ्यात पडतो आणि मुदत उलटली की माल फेकावा लागतो. पापण्यांना छटा जवळपास नाहीतच, काळी एके काळी. वजन नगण्य, त्यामुळे वाहतूक स्वस्त. कोरड्या जागी ठेवल्या तर लवकर खराब होत नाहीत. तयार नमुन्यातून निवड करून, आपले नाव छापलेल्या डब्या मागवून काही हजार रुपयांतही सुरुवात करता येते. शिवाय फरक फोटोत लगेच दिसतो, जे एखाद्या उत्तम क्रीमच्या बाबतीत होत नाही. इन्स्टाग्रामच्या काळात ही फार मोठी गोष्ट होती.

आणखी एक कारण मेकअप आर्टिस्टच्या कामातच आहे. लग्नातला मेकअप हे अंगमेहनतीचे काम आहे. सकाळचा मुहूर्त असेल तर पहाटे तीन-चार वाजता पेटी घेऊन कार्यालयात हजर व्हावे लागते. एका दिवशी हात किती नवऱ्या सजवणार, याला मर्यादा आहे. पाठ आणि मान चाळिशीच्या आत बोलू लागतात. चातुर्मासात किंवा अधिक मासात तारखा रिकाम्या आणि लग्नसराईत घरी लहान मूल असेल तर ते सांभाळायला कोणी तरी हवेच. बाळंतपणानंतर सहा महिने काम बंद म्हणजे सहा महिने उत्पन्न शून्य. कारण इथे पगारी रजा नावाचा प्रकार नाही. विकता येईल अशी वस्तू हाताशी असली तर आपण घरी असतानाही दोन पैसे येतात. आई झालेल्या मेकअप आर्टिस्टना स्वतःचा ब्रँड खुणावतो तो ग्लॅमरपेक्षा या हिशेबामुळे.

पण जे तुम्हाला सोपे आहे ते शेजारणीलाही सोपे आहे, ही या धंद्यातील मेख आहे. आज निवडलेला नमुना उद्या दुसऱ्या नावाच्या डबीत निम्म्या किमतीला मिळू शकतो, कारण दोन्ही डब्या एकाच कारखान्यात भरलेल्या असतात. पापणीला स्वतःचे असे वेगळेपण फार थोडे. ग्राहक विकत घेते ते ‘ताईंनी मला लावल्या होत्या त्याच’ हा विश्वास.

या पापण्या तयार कुठे होतात?

प्रामुख्याने चीनमध्ये. शांदोंग प्रांतातील छिंगदाओजवळचे पिंगदू हे शहर स्वतःला जगाची पापण्यांची राजधानी म्हणवून घेते. इंडोनेशियात मध्य जावामधील पुरबालिंग्गा हा जिल्हा विग आणि पापण्यांसाठी प्रसिद्ध आहे. तिथले बरेच कारखाने कोरियन मालकीचे आणि हात मुख्यतः स्त्रियांचे. एकेकाळी पापण्या माणसाच्या केसांच्या असत. डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांच्या १९१६ च्या ‘इन्टॉलरन्स’ चित्रपटासाठी विग बनवणाऱ्या कारागिराने जाळीवर खरे केस विणून नायिकेच्या पापण्या तयार केल्याचे सांगतात. आता बहुतांश माल पीबीटी या प्लास्टिकच्या तंतूचा असतो. डबीवरचे ‘सिल्क’ म्हणजे रेशीम नव्हे, एवढे तरी ग्राहकाला माहीत असायला हवे.

कामाची पद्धत मात्र फारशी बदललेली नाही. बारीक दोऱ्यावर एकेक तंतू किंवा तंतूंचा झुबका गाठ मारून बसवायचा, मग नळीवर गुंडाळून उष्णतेने बाक द्यायचा, कातरायचे आणि ट्रेमध्ये चिकटवायचे. गाठी मारण्याचे काम बऱ्याच प्रमाणात अजूनही हातानेच होते, डोळे फोडून. दुसऱ्या बाईचे डोळे सजवण्यासाठी. चीनमध्ये मजुरी वाढली तसे हे काम सीमेपलीकडे स्वस्त हातांकडे जाऊ लागले. ते हात उत्तर कोरियातले होते.

‘एल्फ’ कंपनीला दंड का झाला?

अमेरिकेतील ‘एल्फ कॉस्मेटिक्स’ चीनमधील दोन पुरवठादारांकडून पापण्यांचे संच मागवत असे. एप्रिल २०१२ ते जानेवारी २०१७ या काळात आलेल्या १५६ खेपांमध्ये उत्तर कोरियातील साहित्य होते. या मालाची किंमत सुमारे ४४ लाख डॉलर. या पुरवठादारांच्या जवळपास ८० टक्के संचांत असे साहित्य निघाले. अमेरिकेच्या निर्बंधांनुसार हे बेकायदा होते. कंपनीने स्वतःहून कबुली दिली, तरी ३१ जानेवारी २०१९ रोजी अमेरिकी अर्थ खात्याने ९ लाख ९६ हजार ८० डॉलरच्या तडजोडीची घोषणा केली.

या प्रकरणातील सर्वात बोलका भाग दंडाचा आकडा नाही. कंपनी पुरवठादारांची तपासणी करत होती, पण दर्जाची. माल नीट आहे ना, वेळेवर येतो ना, एवढेच पाहिले जात होते. तो नक्की कुठे बनतो हे जवळपास पाच वर्षे कोणी खोलात विचारले नाही. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीची ही कथा, तर घरातून डब्या भरणाऱ्या एकट्या बाईने काय करावे? पुढच्या काळातही हा प्रश्न मिटलेला नाही. उत्तर कोरियात हाताने गाठलेला माल चीनमध्ये वेष्टनात भरून ‘मेड इन चायना’ म्हणून जगभर जात असल्याचा सविस्तर वृत्तान्त ‘रॉयटर्स’ने २०२४ च्या सुरुवातीला दिला होता.

गुंतवणूकदार आल्यावर काय होते?

‘हुडा ब्यूटी’त डिसेंबर २०१७ मध्ये ‘टीएसजी कन्झ्युमर पार्टनर्स’ या अमेरिकी फंडाने अल्पांश हिस्सा घेतला. ‘फोर्ब्स’ने तेव्हा कंपनीचे मूल्य एक अब्ज डॉलरच्या पुढे धरले. असा पैसा आला की दुकाने वाढतात, उत्पादने वाढतात. सोबत परताव्याचे घड्याळही सुरू होते, कारण फंडाला काही वर्षांनी हिस्सा विकून बाहेर पडायचे असते. संस्थापकासमोर मग बहुधा दोन वाटा उरतात : एखाद्या बड्या सौंदर्यप्रसाधन समूहाला कंपनी विकणे किंवा शेअर बाजारात जाणे. कट्टन यांनी तिसरी वाट धरली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘कायाली’ हा अत्तरांचा ब्रँड मोना कट्टन आणि ‘जनरल अटलांटिक’ यांच्याकडे गेला आणि काही महिन्यांत हुडा यांनी मूळ कंपनी पूर्ण आपल्याकडे घेतली. या उद्योगात असे क्वचित घडते.

मालकी एकहाती असली की जोखीमही एकहाती. जुलै २०२५ मध्ये इस्रायलवर महायुद्धांपासूनचे खापर फोडणारी त्यांची चित्रफीत टिकटॉकने हटवली आणि बहिष्काराची मागणी झाली. वाद त्यांच्या विधानांचा होता, पण झळ पोहोचते ती लिपस्टिक आणि पापण्यांना. चेहरा हाच ब्रँड असण्याची ही दुसरी बाजू.

मुंबईत तेव्हा काय स्थिती होती?

२०१३ मध्ये दुबईत एका स्त्री मेकअप आर्टिस्टच्या नावाच्या पापण्या दुकानात लागत होत्या, त्या वेळी मुंबईच्या चित्रपटसृष्टीत स्त्रीला मेकअप आर्टिस्टचे ओळखपत्रच मिळत नव्हते. ‘सिने कॉस्च्युम मेकअप आर्टिस्ट अँड हेअर ड्रेसर्स असोसिएशन’च्या नियमांनुसार मेकअप पुरुषांनी करायचा, स्त्रियांनी केस. हा दंडक अनेक दशके चालला. चारू खुराना आणि इतरांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१४ मध्ये तो घटनाबाह्य ठरवला, महाराष्ट्रातील पाच वर्षांच्या वास्तव्याच्या अटीसह. न्या. दीपक मिश्रा आणि न्या. उदय लळित यांचे ते खंडपीठ होते. म्हणजे ज्या पेशात आज गल्लोगल्ली मुलींचे क्लास चालतात, त्याच्या सर्वात मोठ्या बाजारपेठेचे दार स्त्रियांना उघडून अजून पुरते दीड दशकही झालेले नाही. ‘हुडासारखे आपल्याकडे कोणी का नाही’ असे विचारताना हे विसरले जाते.

इथे सुरुवात करायची तर?

डोळ्याशी खेळ आहे, म्हणून आधी गोंदाचे पाहावे. पापण्यांच्या गोंदात लॅटेक्स असू शकते, काही गोंदांतून फॉर्माल्डिहाइड सुटते. दोन्हींची ॲलर्जी होऊ शकते. अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन पापण्या आणि त्यांचा गोंद या दोन्हींना सौंदर्यप्रसाधनच मानते. त्यामागे कटू इतिहास आहे. १९३० च्या दशकात ‘लॅश ल्युअर’ या पापण्यांच्या रंगाने काही स्त्रियांची दृष्टी गेली, एकीचा जीव गेला आणि त्यातूनही १९३८ च्या कायद्याला बळ मिळाले. नवरीला लग्नाच्या आदल्या आठवड्यात हाताच्या आतील बाजूस गोंदाचा ठिपका लावून पाहणे हे दहा मिनिटांचे काम आहे. गडबडीत तेच राहते.

व्यापारासाठी परदेशातून माल मागवायचा तर परकीय व्यापार महासंचालनालयाचा आयात-निर्यात संकेतांक लागतो. किरकोळ विक्रीच्या डबीवर आयातदाराचे नाव-पत्ता, एमआरपी आणि उगम देश छापणे वैधमापन नियमांनुसार बंधनकारक आहे. ओळखीच्या व्यापाऱ्याकडून घाऊक घेऊन वर आपले स्टिकर चिकटवणाऱ्या अनेक जणी इथेच अडकतात. त्यांच्याकडे पुरवठादाराचे साधे बिलही नसते. गाठी कुठे मारल्या जातात हे पुरवठादाराला लेखी विचारावे. तो उडवाउडवी करू लागला तर तेही एक उत्तरच समजावे.

आणि डब्या छापण्याच्या आधी नाव नोंदवावे. खोट्या पापण्या आणि त्यांचा गोंद व्यापारचिन्हांच्या वर्ग ३ मध्ये येतात. एकट्या व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाचे शुल्क एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे, इतरांना ९ हजार. अर्ज स्वतःच्या नावाने करायचा की नवऱ्याच्या किंवा दीराच्या फर्मच्या, हा निर्णय बहुतेक घरांत जेवताना दोन मिनिटांत उरकला जातो. पुढे भागीदार आला, कर्ज काढले किंवा घरात बिनसले, की पहिल्यांदा उघडला जातो तो हाच कागद.